एक एकर वावर आणि आईची मांडी

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यात माहेर आणि वर्धा जिल्ह्यात सासर असलेल्या ३४ वर्षांच्या एका ताईंनी हे पत्र लिहिलं आहे. त्यांच्या आईचं वय ६१. पाच वर्षांपूर्वी आईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं पार पडलं आणि तेव्हापासून रोजची एक गोळी चालू आहे. यंदा पोळ्याच्या सुमारास डावी मांडी वरच्या अंगाला दुखायला लागली. वात असेल म्हणून गावातल्या बाईकडून मालीश करून घेतली. मावशीने तर पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घे, उसण उतरते, असं सुचवलं. दसऱ्यानंतर नागपूरला तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की कॅन्सर हाडांत उतरलाय. डाव्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक जाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त पोखरलं गेलंय, त्याच बाजूच्या खुब्याच्या वाटीत रोगाची एक जागा आहे, आणि कमरेचा एक मणका थोडा दबलाय. फुप्फुसं आणि यकृत स्वच्छ आहेत. तिथल्या डॉक्टरांनी मांडीत रॉड आणि वाटीत व मणक्यात सुईने सिमेंट भरायला सांगितलं. मोठी चिरफाड नाही, पण उशीर करू नका, असं म्हणाले.

घरात एकमत नाही. थोरला भाऊ म्हणतो, हाडात गेला म्हणजे संपलं, आता सुया-सळया घातल्या तर आणखी भडकेल. बाबा एक एकर वावर विकायला निघालेत. आईला फक्त 'हाडं ठिसूळ झाली' एवढंच सांगितलंय, आणि ती म्हणते, 'मले आता कापाकापी नाही पाह्यजे, पैसा लेकराइसाठी ठेवा.' ताई विचारतात: दादाचं ऐकू की बाबांचं? आणि आई नको म्हणत असताना तिला टेबलावर चढवायचा मला हक्क आहे का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली. ती रॉडची ओळ नाही आणि पैशाचीही नाही. तुम्ही सहज लिहून गेलात: 'परवा चुलीपासून उठताना आम्ही दोघींनी तिला धरलं, तरी सकाळी ती कापूस वेचायला गेलीच.'

बाकीच्या गोष्टी चार दिवस थांबतील, ही थांबणार नाही. आईंचं वावरात जाणं आजच बंद करा. वेचणी कशी असते हे तुम्हाला मी काय सांगावं! कमरेला ओटी, ओटीत दोन-तीन किलो कापूस, ढेकळांतून चालायचं, आणि दर झाडाशी वाकून कंबर अर्धी वळवायची. पोखरलेलं हाड सरळ भार एक वेळ सोसतं, हा पीळ सोसत नाही. पाण्याचा गुंड उचलणंही बंद, नातवाला कडेवर घेणंही बंद. डाव्या पायावरचा भार कमी करायला वॉकर आणा. तो मिळेपर्यंत काठी, आणि ती उजव्या हातात. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरायची आपल्याकडे सवय असते, ती उलटी आहे.

हाड नुसतं दुखणं आणि भार दिला की दुखणं, या दोन तक्रारी वरून सारख्या वाटतात. पहिलं दुखणं रोगाचं असतं, रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. दुसरं हाडाच्या कमजोरीचं असतं, घराचं नाट (छपराची तुळई) मोडायच्या आधी करकरतं तसं. तुमच्या आईंचं दुखणं या दुसऱ्या जातीचं दिसतं: बसल्यावर बरं, उभं राहिलं की कळ.

हाड मोडायचा धोका किती, हे अंदाजाने ठरवायची वेळ आता राहिलेली नाही. मिरेल्स नावाच्या डॉक्टरांनी १९८९ साली एक साधं गणित मांडलं, ते अजून जगभर वापरतात. चार गोष्टी बघायच्या: जागा कोणती, दुखणं कसलं, हाड पोखरलंय की उलट घट्ट झालंय, आणि जाडीचा किती भाग गेलाय. प्रत्येकाला १ ते ३ गुण. ९ किंवा जास्त झाले तर हाड मोडायच्या आधीच आधार द्यावा, ७ पर्यंत असतील तर शेक देऊन लक्ष ठेवावं, ८ ला डॉक्टरांनी विचार करून ठरवावं. तुमच्या पत्रावरून मी हिशेब केला: मांडीच्या हाडाचं वरचं टोक ३, भार दिला की दुखणं ३, पोखरलेलं ३, निम्म्याहून थोडं जास्त २. बेरीज ११. फिल्म न बघता केलेली ही बेरीज आहे, तेव्हा डॉक्टरांकडून ताडून घ्या. पण नागपूरचे डॉक्टर उगाच घाई करत नव्हते, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

हे मी जरा जोरातच सांगतोय, त्याला कारण आहे. मी हाडांचा तज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी तीस वर्षं साधा दवाखाना चालवला. नदीकाठच्या एका गावातल्या काकू माझ्याकडे मांडी दुखते म्हणून दोन महिने येत होत्या. त्यांच्या छातीवरचा ऑपरेशनचा व्रण मी पाहिलेला होता, पण सहा वर्षं झाली म्हणून मनातून पुसूनही टाकला होता. मी त्यांना दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि चोळायला तेल दिलं. एका पहाटे बाजेवर कूस बदलताना त्यांचं मांडीचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. बाजेची सुतळी ढिली होती आणि त्यांनी अंग वळवलं, एवढंच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तेव्हा मी सोबत होतो. ट्रॉली दर चाकोरीत दचकायची आणि दर वेळी काकू माझ्याकडे बघायच्या, ओरडायच्या नाहीत. रॉड टाकायचाच होता, तो टाकला. पण आधी टाकला असता तर चार दिवसांत भागलं असतं, त्याऐवजी रक्त चढवावं लागलं आणि तीन आठवडे मुक्काम पडला. तेव्हापासून ज्या माणसाला पूर्वी कधीही कॅन्सर झालाय, त्याच्या नव्या हाडदुखीला तपासणी झाल्याशिवाय मी वात म्हणत नाही. साध्या एक्स-रेवरही विसंबत नाही, कारण हाडातला तिसरा हिस्सा ते निम्मा चुना गेल्याशिवाय तो एक्स-रेत नीट दिसतच नाही.

आता दादांचं म्हणणं घेऊ. 'हाडात गेला म्हणजे संपलं.' कॅन्सर शरीरातून पूर्ण निघून जाईल असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू नये. पण स्तनाचा कॅन्सर फक्त हाडांत असेल, फुप्फुसं-यकृत स्वच्छ असतील, तर पुष्कळ बाया पुढे काही वर्षं जगतात. काही महिन्यांत सगळं आटोपतं, हे फार जुन्या काळचं गणित झालं. शिवाय रोजची गोळी चालू असताना रोग परत आला, म्हणजे ती गोळी आता बदलावी लागेल, आणि बदलायला औषधं आहेत. पाल्बोसिक्लिब नावाची गोळी काही वर्षांपूर्वी आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होती. २०२३ साली तिचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. ती आईंना लागू पडते का, ते गाठीच्या तपासणीवर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हाडातला तुकडा काढून तपासलाय का? पाच वर्षांत रोगाचा स्वभाव बदललेला असू शकतो. आणि क्वचित असंही निघतं की हाडातली गाठ जुन्या कॅन्सरची नसतेच, हाडाची स्वतःचीच असते. तसल्या हाडात रॉड ठोकणं ही मोठी चूक ठरते. बहुतेक वेळा हा तुकडा रॉड टाकताना किंवा त्याच्या आधी सुईने घेतात.

दादांच्या म्हणण्यात आणखी एक गृहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते तुमच्याही पत्रात आहे: ऑपरेशन म्हणजे रोग बरा करण्याची गोष्ट, आणि रोग बरा होणार नसेल तर ऑपरेशन कशाला. माहेरच्या घराचं नाट वाळवीने खाल्लं तर बाबा काय करतील? घर पाडणार नाहीत, वाळवी गावातून हद्दपार करायलाही निघणार नाहीत. आधी खाली एक टेकू लावतील आणि मग औषध मारतील. हा रॉड आणि हे सिमेंट म्हणजे टेकू. औषध मारायचं काम गोळीचं आणि शेकाचं. टेकू कशासाठी? आईंना उरलेल्या दिवसांत न्हाणीपर्यंत स्वतःच्या पायाने जाता यावं आणि ओट्यावर बसून शेंगा सोलता याव्यात, एवढ्यासाठीच.

तीन जागांना तीन वेगळे टेकू का, हेही समजून घ्या, नाहीतर घरात कोणीतरी म्हणेल की सगळीकडे सिमेंटच भरा, सळई कशाला. हे सिमेंट म्हणजे एक प्रकारचं ॲक्रिलिक, कवळीचं गुलाबी प्लास्टिक असतं ना, त्याच घराण्यातलं. पूड आणि द्रव एकत्र घोटले की आधी टूथपेस्टसारखं होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. दाब सोसण्यात ते पक्कं, वाक आणि पीळ सोसण्यात कच्चं. मणक्यावर आणि खुब्याच्या वाटीवर मुख्यतः वरून दाब येतो, म्हणून तिथे सिमेंट शोभतं. मांडीचं हाड वाकतं, पिळवटतं, तिथे नुसतं सिमेंट टिकत नाही. तिथे हाडाच्या पोकळीतून जाणारी लांब धातूची सळईच हवी.

रॉड टाकताना पूर्वीसारखी मांडी उघडावी लागत नाही. खुब्याच्या वर दोन-तीन इंचांची चीर, तिथून रॉड हाडाच्या पोकळीत सरकवतात, एक जाड स्क्रू हाडाच्या मानेत, आणि गुडघ्याजवळ बोटाच्या पेराएवढ्या चिरा देऊन एक-दोन स्क्रू. सगळं सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. जखम भरली की साधारण दोन ते चार आठवड्यांनी त्या हाडाला शेक द्यायचा असतो. हा शेक चुकवू नका. रॉड टाकला, दुखणं थांबलं, घरी आले, आणि शेकाला गेलेच नाहीत, असे किती जण मी पाहिलेत. आत रोग वाढत राहतो आणि वर्षभरात रॉडच सैल होतो.

मणक्याचं काम आणखी लहान. पालथं झोपवून, जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊन, पाठीतून जाड सुई मणक्यात नेतात आणि चार-पाच मिली सिमेंट सोडतात, चहाचा एक चमचा भरेल एवढं. पडद्यावर दिसावं म्हणून त्यात बेरियमची पूड मिसळलेली असते. १९८४ साली फ्रान्समध्ये हे पहिल्यांदा झालं, म्हणजे नवीन प्रयोग वगैरे नाही. दुखणं बऱ्याच जणांचं दोन-तीन दिवसांत उतरतं. खुब्याच्या वाटीतही तशीच सुई. काही ठिकाणी सिमेंटच्या आधी सुईनेच गाठ तापवून किंवा गोठवून मारतात, काही ठिकाणी सोबत लांब स्क्रूही घालतात. सगळीकडे सगळं मिळत नाही. 'तुमच्याकडे काय होतं आणि आईला त्यातलं काय लागेल' असं सरळ विचारायचं, लाजायचं नाही.

धोके आहेत. सिमेंट मणक्याबाहेर झिरपू शकतं. बहुधा काही होत नाही, पण नसेवर आलं तर त्रास होतो, आणि क्वचित रक्तातून फुप्फुसात जातं. म्हणून मणक्याचा एमआरआय आधी बघायचा. मणक्याची मागची भिंत फुटलेली असेल किंवा मज्जारज्जू दाबला जात असेल तर बेत बदलतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा. कुठे पू असेल, ताप असेल, तर सिमेंट थांबवतात.

आणि 'सुई घातली की भडकते' या भीतीचं काय? दादांना सपशेल खोटं पाडू नका. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत, आणि आईंचा रोग सुईची वाट न बघता आधीच हाडांत पोहोचलाय. पण रॉड सरकवताना पोकळीतली चरबी आणि थोड्या पेशी पुढे ढकलल्या जातात, हे डॉक्टरही मानतात. भूल देणारे डॉक्टर त्या वेळी श्वासावर बारीक लक्ष ठेवतात ते त्यामुळेच, आणि नंतरचा शेक रॉडच्या पूर्ण लांबीला देतात तोही त्यामुळेच. हे दादांसमोर डॉक्टरांनाच विचारा. आपल्या भीतीचं नाव डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की माणूस निम्मा शांत होतो. पुढच्या खेपेला दादांनाच सोबत न्या, तुम्ही नाही गेलात तरी चालेल.

ऑपरेशन न करता काय करता येतं, हेही माहीत असू द्या. शेक एकटाही देता येतो. बऱ्याचदा एकाच दिवशी ८ ग्रेचा (ग्रे हे शेकाचं माप) एक डोस पुरतो आणि दहातल्या सुमारे सहा जणांचं दुखणं कमी होतं. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, घाबरायचं नाही. मात्र शेकाने हाड लगेच मजबूत होत नाही, भरून यायला महिने लागतात, आणि तोवर ते मोडू शकतं. झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन हाडांची झीज रोखतं. दर चार किंवा बारा आठवड्यांनी सलाईनमधून देतात. ते सुरू करायच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी आणि दातांची तपासणी हवीच. एखादा किडका दात काढायचा असेल तर आधी काढा. इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरता उघडं राहू शकतं, आणि आपल्याकडे खर्रा, गुडाखू, तंबाखूचं मंजन यांनी दातांची काय दशा असते ते मी सांगायला नको. आणि तिसरं, मॉर्फिन. या गोळीला लोक 'शेवटची गोळी' म्हणतात, ते डोक्यातून काढा. कॅन्सरच्या दुखण्यावर ती महिनोन् महिने घेता येते, नशा लागत नाही, शौचाला मात्र हमखास घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच घ्यायचं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालंय. वेदनाशामक विभाग, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, कुठे आहे ते विचारा.

आईंची तब्येत फारच खालावलेली असती, रक्त टिकत नसतं, हातात थोडेच आठवडे असते, तर मी स्वतः म्हणालो असतो की मॉर्फिन, शेक आणि मऊ गादी, बस. सावरायला जितके दिवस जातील त्याहून बरेच जास्त दिवस हातात आहेत का, हाच हिशेब डॉक्टर करतात. पण जी बाई परवा कापूस वेचून आली, तिच्या बाबतीत हा हिशेब मला रॉडच्या बाजूने झुकलेला दिसतो. मणक्याचं आणि वाटीचं सिमेंट मात्र त्याच दिवशी व्हायला हवं असं नाही. आधी मांडी, मग दुखणं कुठलं उरतं ते बघून पुढचं, असंही चालू शकेल.

बाबांना सांगा, वावराचा सौदा थांबवा. इसार घेतला असेल तर परत करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि पांढरं रेशन कार्डही चालतं. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो. रेशन कार्ड, आधार आणि जुन्या ऑपरेशनचे कागद घेऊन आधी तिथे जायचं, भरती झाल्यावर नाही. रॉड, सिमेंट आणि शेक यांतलं काय योजनेत बसतं आणि काय बाहेरून आणायला लावतील, हे लेखी मागा. घरून विचारायचं तर १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के कमी उत्पन्नवाल्यांना सवलतीत ठेवाव्या लागतात. हे ते आपणहून सांगत नाहीत, मागावं लागतं. रॉडसाठी मुंबई गाठायची गरज नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानचं एम्स, तुमच्या सासरहून जवळ सेवाग्राम आणि सावंगी; यांतल्या एका ठिकाणी हाडांचे, शेकाचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसून फाइल बघतील असा आग्रह धरा. वावर विकून एकट्या खासगी दवाखान्यात एक काम करायचं आणि शेकाच्या वेळी हात रिकामे, असं होऊ नये. पैसा लागणारच असेल तर तो नंतरच्या गोळ्यांना लागेल.

आता तुमचा खरा प्रश्न, हक्काचा. ताई, तुम्ही विचारता की आई नको म्हणते. पण आई कशाला नको म्हणते? तिला सांगितलंय की हाडं ठिसूळ झाली. ठिसूळ हाडांसाठी वावर विकायला निघालेल्या नवऱ्याला कोणतीही शहाणी बाई नकोच म्हणेल. ज्या प्रश्नाला तिने नकार दिला तो प्रश्नच खोटा होता. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही तिचीच लागणार, बाबांची किंवा दादांची नाही.

मला वाटतं, तिला बरंचसं कळलेलं आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या इमारतीत केमो घेतली त्याच इमारतीत मशीनखाली झोपवलं, तर कळणार नाही? ती तुम्हाला जपतेय आणि तुम्ही तिला. एकदम सगळं सांगायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर, दादा नसताना, विचारा: 'आई, डॉक्टर काय बोलले ते तुला ऐकायचंय, की आम्हीच बघू?' ती 'तुम्हीच पाहा' म्हणाली तरी तोही तिचा निर्णय. पण ती गप्प बसून तुमच्याकडे बघत राहिली, तर सांगा की जुना रोग हाडात आलाय. आणि लगेच पुढचं वाक्य: 'मांडीचं हाड मोडू नये म्हणून आधार द्यायचा आहे.' मधे रडू आलं तर येऊ द्या, उठून जाऊ नका. मग तिला कशाची भीती आहे ते विचारा. तीस वर्षांत मला या प्रश्नाचं उत्तर 'मरणाची' असं फार कमी बायांनी दिलं. 'पोरीने माझं हागणं-मुतणं काढावं लागेल याची,' असं पुष्कळ जणींनी दिलं. रॉड नेमका त्याच भीतीवरचा इलाज आहे, पण ते तिने स्वतः ओळखलेलं बरं. सगळं कळल्यावरही ती नको म्हणाली, तर तो नकार खरा. तेव्हा बळजबरी नाही. तेव्हा शेक, इंजेक्शन, गोळ्या आणि वॉकर, आणि दार उघडं ठेवायचं. बायका आठ दिवसांनी मत बदलतात, आणि पुरुषही.

एक विचार सुचवू का? पत्रात तुम्ही लिहिलंय की ती यंदा सीतादहीलाही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेलाही, वावरात गेली होती, लंगडत. पुढच्या वर्षी तिला बांधापर्यंत चालत जाता यावं, अशी तिची इच्छा असेल तर डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. 'आमची आई चालत बांधापर्यंत जाऊ शकेल का' हा प्रश्न 'ऑपरेशन करू का' यापेक्षा डॉक्टरांना जास्त उपयोगाचा असतो.

तारीख मिळेपर्यंत घरात थोडी हलवाहलव करा. ढिली बाज नको, तखतावर घट्ट गादी टाका. जेवायला खाली बसवू नका, खुर्ची द्या. शौचाला उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा किंवा प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घ्या, गावचा सुतार करून देतो. न्हाणीच्या वाटेवरचा ओला दगड, उंबरठ्यापाशी गुंडाळलेलं पायपुसणं, शेळीची दोरी, सगळं बाजूला. नागपूरला नेताना दुचाकीवर मधे बसवायचं नाही. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं, गुडघ्याखाली उशी, आणि ड्रायव्हरला खड्ड्यांची आधीच ताकीद. पुढे कधी मुंबईला जायची वेळ आलीच, तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाच्या सहीचा फॉर्म लागतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. पाय जड पडणं, मुंग्या येणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिर वाटणं: हे मणक्यातून मज्जारज्जू दाबला गेल्याचं लक्षण. यात तासांना किंमत असते. आज हलणारा पाय उद्या हलेलच असं नाही. मांडीत एकदम कळ येऊन पाय टेकवताच आला नाही, तर ओढाताण न करता पाय उशांनी दोन्हीकडून टेकवून १०८ ला फोन करा. आणि सारखी तहान, उलट्या, पोट गच्च, माणूस झोपाळलेलं, बरळणारं झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. ते सलाईनने आणि इंजेक्शनने उतरवता येतं. हे 'शेवट आला' म्हणून घरीच ठेवण्यासारखं नसतं.

ज्यांच्या घरी वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे त्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त तिथे हाड पोखरण्याऐवजी बहुधा घट्ट होतं आणि जरा उशिरा मोडतं. मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या गाठी हाडात गेल्या तर फार रक्ताळ असतात, तिथे ऑपरेशनच्या आधी गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करायची सोय आहे का, ते विचारून घ्यावं.

मालीशवाल्या बाईला उद्यापासून नको म्हणा. तिचे राहिलेले पैसे देऊन टाका, चहा पाजा, आणि आईच्या पायाला मात्र हात लावू देऊ नका. मावशीच्या पायाळू माणसालाही बाहेरूनच राम राम.